पाच लाखांचे कार्ड आणि करारातून गायब झालेला रुग्ण



यंदाही जयंतीच्या मंडपाशेजारी आपल्याकडे कार्डांची शिबिरे लागली. एका बाजूला बाबासाहेबांचा पुतळा, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा, मागे नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा बॅनर आणि समोर आधार कार्ड व रेशनकार्ड घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आया-बहिणींची रांग. कार्ड निघाले, फोटो काढला, पोस्ट पडली. ‘आमच्या मंडळातर्फे इतक्या कुटुंबांना पाच लाखांचे आरोग्य कवच!’

ही शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. त्यातले बरेच जण माझे मित्र आहेत. पण त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. त्या कार्डामागे जो करार आहे, तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? त्या करारात रुग्णालयाला पैसे कधी, कशाचे आणि किती मिळणार हे ठरलेले असते, आणि आपला माणूस दारात गेल्यावर त्याला आत घेतात की ‘बेड नाही’ सांगतात हे त्यावरच अवलंबून असते. कार्ड म्हणजे फक्त दर्शनी पाटी. खरा व्यवहार करारात आहे आणि त्यावर रुग्णाची सही नाही.

योजना कुठून आली

थोडा इतिहास पाहू. २००८ साली केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली, वर्षाला कुटुंबामागे ३० हजार रुपयांची. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. तेव्हा विम्याचे काम युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीकडे होते आणि कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता सरकार भरत होते. जुलै २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला: पिवळे, केशरी, पांढरे असे कुठलेही रेशनकार्ड असो, सर्वांना योजना लागू आणि कवच पाच लाखांचे.

या योजनेने जीव वाचवले आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी ज्यांना स्वप्नातही परवडली नसती, अशा माणसांना ती मिळाली. हे नाकारणारा माणूस वस्तीत राहत नसावा. त्यामुळे ‘योजना बंद करा’ असे मी म्हणत नाही. मी विचारते आहे ते एवढेच: ज्या पद्धतीने रुग्णालयांना पैसे दिले जातात, ती पद्धत कोणाला पुढे ढकलते आणि कोणाला मागे ठेवते?

पॅकेजचा हिशेब

या योजनेत रुग्णालयाला बिलाप्रमाणे पैसे मिळत नाहीत, ‘पॅकेज’ मिळते. म्हणजे एखाद्या शस्त्रक्रियेला ठरावीक रक्कम. त्यात खाट, औषधे, डॉक्टर, तपासण्या, जेवण सगळे आले. रुग्ण तीन दिवस राहिला काय आणि सात दिवस राहिला काय, रक्कम तीच. दाखल केल्यावर आधी मंजुरी घ्यायची, उपचार करायचे, मग कागद अपलोड करून दावा करायचा.

पॅकेज ही मुळात वाईट कल्पना नाही. बिलाप्रमाणे पैसे दिले तर रुग्णालय गरज नसलेल्या तपासण्या वाढवत नेते. पण पॅकेज दिले की मोह संपत नाही, दिशा बदलतो.

एक काल्पनिक हिशेब मांडते. समजा एका शस्त्रक्रियेचे पॅकेज ४० हजारांचे आहे. या रुग्णामुळे रुग्णालयाला जो वाढीव खर्च येतो, म्हणजे औषधे, इम्प्लांट, सर्जनची फी, तो २८ हजार. इमारत, यंत्रांचे कर्ज, कायमचा स्टाफ यांचा त्याच्या वाट्याला येणारा भाग २० हजार. एकूण ४८ हजार. रुग्णालयाचा मालक म्हणेल, ‘बघा, आम्ही तोट्यात सेवा करतो.’ पण इमारतीचा आणि कर्जाचा खर्च खाट रिकामी असली तरी होतोच. म्हणून खाट रिकामी असेल तेव्हा योजनेचा रुग्ण घेतला, तर मालकाच्या हाती १२ हजार जास्तच पडतात. तो रुग्ण घेतो आणि दारावर योजनेचा बोर्डही लावतो.

आता त्याच खाटेसाठी रोख पैसे देणारा रुग्ण उभा आहे. तो ९० हजार देतो. वाढीव खर्च तोच, २८ हजार. हाती राहिले ६२ हजार. आता योजनेच्या रुग्णाला ती खाट दिली तर मालकाचे ५० हजार जातात. मग काउंटरवरून उत्तर येते, ‘योजनेचे बेड फुल आहेत, दोन दिवसांनी या.’

डॉक्टर निर्दय आहे की दयाळू, हा प्रश्नच इथे येत नाही. खाट कोणाला द्यायची हे त्या दोन आकड्यांमधला फरक ठरवतो. खासगी रुग्णालयांच्या संघटना सांगतात की पॅकेजचे दर वाढवा म्हणजे सगळे ठीक होईल. दर वाढवून ४८ हजार केला, तरी हाती राहतील २०, आणि रोखीच्या रुग्णाचे ६२. रांगेत योजनेचा रुग्ण मागेच राहणार. काही पॅकेजेसचे दर खरोखर अपुरे असतील तर ते जरूर तपासावेत, पण त्याने हा प्रश्न सुटणार नाही. जिथे रोखीची गर्दी आहे तिथे योजनेच्या रुग्णाला उरलेली जागा मिळते. आणि उरलेल्यावर जगायचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

कोणता आजार ‘परवडतो’

दुसरी गोष्ट आजारांच्या निवडीची. ठरावीक दराचे पॅकेज असले की रुग्णालय असे आजार शोधते ज्यांचा शेवट आधीच माहीत असतो. मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, डायलिसिस. रुग्ण येतो, ठरलेल्या वेळेत काम होते, घरी जातो. याउलट भाजलेली बाई, शरीरभर जंतुसंसर्ग झालेला मजूर, कुपोषणाने आधीच खंगलेला क्षयरोगी यांचे काय होईल, किती दिवस लागतील, सांगता येत नाही. त्यांच्यावर पॅकेजपेक्षा जास्त खर्च होण्याची भीती असते. मग ‘आमच्याकडे सोय नाही, सरकारी दवाखान्यात न्या’ असा सल्ला मिळतो.

असे गुंतागुंतीचे आजार कोणाला होतात? उशिरा दवाखान्यात जाणाऱ्याला. ज्याची रोजी बुडते म्हणून ताप अंगावर काढला जातो त्याला. गटारात उतरणाऱ्याला, कचरा वेचणाऱ्याला, ऊसतोडणीला गेलेल्याला. आजाराची गुंतागुंत जातीच्या आणि कामाच्या उतरंडीवरून खाली येते. करारात ‘जात’ हा शब्द कुठेही नसतो, तरी त्याचा परिणाम जातीप्रमाणेच होतो. समाजशास्त्र शिकताना आम्हाला ‘संरचनात्मक भेदभाव’ हा शब्द शिकवला होता. तो मला पुस्तकापेक्षा रुग्णालयाच्या काउंटरवर जास्त नीट कळला.

जिथे पॅकेज आहे तिथे शस्त्रक्रिया आहे

तिसरी बाजू याच्या अगदी उलटी आणि जास्त भयंकर. ज्या शस्त्रक्रियेत पैसे सुटतात, ती गरज नसतानाही केली जाते.

राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात बिहार आणि छत्तीसगडमध्ये तरुण बायकांची गर्भाशये काढल्याची प्रकरणे २०१२ च्या सुमारास उजेडात आली. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री योजनेतही गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की सरकारला खासगी रुग्णालयांवर बंधने आणावी लागली. हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. आपल्या बीड जिल्ह्यातली गोष्ट विम्याच्या पैशांची नव्हती. तिथल्या ऊसतोड बायकांनी बहुतेक वेळा मुकादमाकडून उचल घेऊन, कर्ज काढून खासगी दवाखान्यांचे पैसे भरले. पण गरीब बाईच्या शरीराकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणारी नजर तीच होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमध्ये काय झाले ते आठवा. अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात मोफत तपासणी शिबिर घेतले. १९ जणांना बसमध्ये घालून शहरात आणले, अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट टाकले. त्यातले दोघे मेले. पैसे मिळणार होते आयुष्मान योजनेतून. तिथेही सुरुवात शिबिरापासूनच झाली होती. म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे: उद्या एखादे रुग्णालय ‘तुमच्या वस्तीत मोफत शिबिर घेतो, फक्त माणसे जमवा’ म्हणाले तर आधी विचारा, या शिबिरातून तुम्ही किती पॅकेजेस नेणार आहात?

पैसे अडले की भुर्दंड कुणावर

आता छोट्या रुग्णालयाकडून पाहू. आयुष्मान योजनेच्या नियमाप्रमाणे राज्यातल्या रुग्णाचा दावा १५ दिवसांत निकाली निघायला हवा. प्रत्यक्षात देशभर थकबाकीची ओरड आहे. २०२२ मध्ये चंदीगडच्या पीजीआयसारख्या केंद्र सरकारच्या संस्थेलाही पंजाबकडची थकबाकी वाढल्याने तिथल्या आयुष्मान रुग्णांची सेवा थांबवावी लागली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी डॉक्टरांनी याच कारणाने योजनेचे काम बंद केले.

तालुक्याच्या गावी २० खाटांचे रुग्णालय आहे असे समजा. महिन्याला योजनेचे ३० रुग्ण, सरासरी २५ हजारांचे पॅकेज. म्हणजे महिन्याला साडेसात लाख. दावे चार महिने अडकले तर ३० लाख रुपये बाहेर. ते बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले तर महिन्याला ३० हजार नुसते व्याज. प्रत्येक रुग्णामागे हजार रुपये. साखळी रुग्णालयांना हे झेपते, त्यांच्याकडे भांडवल आहे. तालुक्याचा डॉक्टर एक तर योजनेतून बाहेर पडतो, किंवा तो हजार रुपये, आणि त्यावर आणखी काही, रुग्णाकडून काढतो. उपचार गावाजवळ मिळावेत म्हणून आणलेली योजना माणसांना मोठ्या शहरांकडे पाठवते ती अशी. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाच्या कार्डावर पाच लाखच लिहिलेले असतात, पण ते वटवण्याची जागा नागपुरात किंवा नाशकात असते. तिथपर्यंतची गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी आणि राहण्याचा खर्च कुठल्या पॅकेजमध्ये पूर्ण बसतो?

दावा नाकारला तर आणखी वाईट. कागद अपुरे, फोटो स्पष्ट नाही, कोड चुकला अशी कारणे असतात. नाकारला तर विमा कंपनीचे पैसे वाचतात, मंजूर झाला तर रुग्णालयाला मिळतात. दोघांच्या ओढाताणीत आपले पैसे बुडू नयेत म्हणून रुग्णालय आधीच डिपॉझिट मागते. ‘मंजुरी आली की परत देऊ.’ ते परत मिळवण्यासाठी मजुराने किती खेपा घालायच्या?

मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या एका सेंट्रिंग कामगाराचे मांडीचे हाड मोडले. योजनेतल्या रुग्णालयात नेले, कार्ड होते, मंजुरीही आली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी घरच्यांना बाजूला बोलावून सांगितले गेले, ‘योजनेत बसते ती प्लेट साधी आहे. चांगली हवी असेल तर २२ हजार भरा. नंतर पाय आखूड झाला तर आम्हाला बोलू नका.’ सहीचा कागद नाही, पावती नाही. त्याच्या बायकोने डोरले गहाण टाकले. आम्ही तक्रार करू म्हटले तर तीच म्हणाली, ‘ताई, टाके काढायला परत तिथंच जायचंय.’ उपचार कॅशलेस असल्याने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे करारात स्पष्ट आहे. पण ती अट मोडली हे सिद्ध कोणी करायचे? ज्याचा पाय त्यांच्या हातात आहे त्याने?

तपासणीसच झोपलेला

नियंत्रण कसे आहे याचा पुरावा देशाच्या महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेसमोर ठेवला. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. तो क्रमांक होता दहा वेळा नऊ. आधीच्या उपचारात मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचार दाखवून जवळपास सात कोटी रुपये दिले गेले होते. पोर्टलवर जो मेला, तोच पुन्हा दाखल झाला आणि पैसेही मिळाले. तिकडे जिवंत माणसाच्या आधार कार्डावरच्या नावात एक वेलांटी चुकली तर त्याला परत पाठवतात.

आरोग्यमित्र प्रत्येक रुग्णालयात बसतो. त्याने रुग्णाच्या बाजूने बोलावे अशी अपेक्षा आहे. पण तो कंत्राटी, कमी पगाराचा आणि रोज त्याच रुग्णालयाच्या खुर्चीवर बसणारा. आपल्या पोरांपैकी अनेक जण हे काम करतात आणि जिवापाड धडपडतात. त्यांना अधिकार काहीच नाही.

पैसा गेला कुठे, दवाखाना राहिला कुठे

आता मूळ मुद्दा. आयुष्मान योजनेत देशभर दाव्यांपोटी गेलेल्या रकमेतला सुमारे दोन तृतीयांश भाग खासगी रुग्णालयांना मिळाला आहे. पैसा सार्वजनिक, आपल्या करातला. आगपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपणही कर भरतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत, बाळंतपण वगळता, रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. हा रुग्णाच्या खिशावर पडणाऱ्या भाराचा आकडा आहे. सातपट फरक. गरिबाला खर्चापासून वाचवायचे असेल तर भरवशाचा सरकारी दवाखाना हाच सर्वात मोठा विमा आहे. शिवाय विमा लागू होतो दाखल झाल्यावर. बीपीची, शुगरची, फिटची रोजची गोळी, ओपीडीतली तपासणी, निदान होईपर्यंतच्या चकरा यांचा खर्च घरातूनच जातो आणि कुटुंब हळूहळू पोखरले जाते.

जुलै २०२३ मध्ये सरकारने ‘सर्वांना पाच लाखांचे कवच’ जाहीर केले. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळवा येथील महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. सप्टेंबर संपून ऑक्टोबर उजाडला तेव्हा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळे होती. त्या दिवसांत औषधे कमी, माणसे कमी, आणि क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण अशीच चर्चा राज्यभर होती. त्या मातांसाठीही तो पाच लाखांचा हक्क जाहीर झालेला होता. पण गरज होती ती त्या रात्री चालू असलेल्या नवजात कक्षाची आणि पुरेशा नर्सेसची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

आणि एक गोष्ट जी आरोग्याच्या अर्थशास्त्रावर लिहिणारे सहसा लिहीत नाहीत. सरकारी रुग्णालयातली भरती आरक्षणाने होते. तिथे आपली मुलगी नर्स होते, आपला मुलगा लॅब टेक्निशियन होतो, वैद्यकीय अधिकारी होतो. तोच पैसा करारातून खासगी रुग्णालयात गेला की आरक्षण दारातच संपते. त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी पदे खासगी एजन्सींमार्फत भरण्याचा शासन निर्णय निघाला होता. विरोध झाला म्हणून ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. तो निर्णय उघड होता म्हणून आपण रस्त्यावर आलो. आरोग्याच्या पैशाची वाट बदलून तेच काम गुपचूप होते, तेव्हा मात्र आपण कार्डांची शिबिरे भरवतो.

बाबासाहेब काय सांगत होते

काही जण म्हणतील, विमा ही तर आधुनिक कल्पना, बाबासाहेबही विम्याच्या बाजूने होते. होते. पण कशा विम्याच्या?

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. अडारकर यांनी अहवाल दिला. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेत वर्गणी गोळा करून दवाखाने आणि रुग्णालये स्वतः उभारली गेली. आज ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था कशीही असो, पैशातून सार्वजनिक दवाखाना उभा राहावा हे तिचे सूत्र होते.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीचा असावा अशी मागणी आहे. कारणे दोन दिली. राज्य मागे उभे असल्याने माणसाला खरी सुरक्षितता मिळते, आणि जमा झालेला पैसा राज्याला देशाच्या आर्थिक उभारणीसाठी वापरता येतो. त्याच निवेदनात त्यांनी बजावले की राज्याने अंग काढून घेतले तर गरिबाच्या वाट्याला खासगी मालकाची हुकूमत येते. आजच्या योजनेत पैसा राज्याचा आहे, जोखीम राज्याची आहे आणि उभारणी होते ती खासगी इमारतींची. याला बाबासाहेबांचा विमा म्हणता येणार नाही.

आणि महात्मा फुले? त्यांच्या नावाची योजना आहे म्हणून लिहिते. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना माईंना लागण झाली आणि त्या गेल्या. त्या घराने रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते. त्या नावाखाली रुग्णाला काउंटरवरून परत पाठवणे हा त्या नावाचा अपमान आहे.

मग करायचे काय

‘सरकारी दवाखाने वाईटच, गरिबालाही श्रीमंतासारखे खासगीत जाऊ द्या’ हा युक्तिवाद आपल्यातलेही अनेक जण करतात. स्वाभिमानाचा वाटतो, म्हणून पटतो. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. खासगीत आपण श्रीमंतासारखे जात नाही, त्याच्या मागे उरलेल्या खाटेवर जातो. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य योजना आणली तेव्हा तिथेही पैसा करातूनच दिला गेला. पण बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या लोकसंख्येप्रमाणे रक्कम, दाखल रुग्णांसाठी आजाराच्या गटाप्रमाणे आणि एकूण मर्यादेत रक्कम, आणि सेवा मुख्यतः सरकारी रुग्णालयांच्या जाळ्यातून. आधी जाळे, मग योजना. आपण जाळे फाटू दिले आणि योजना वर ठेवली.

म्हणून कार्डांच्या रांगेसोबत आपल्या संघटनांनी, मंडळांनी, महिला बचत गटांनी या मागण्या लावून धराव्यात:

१. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाचा करार, पॅकेजचे दर आणि ‘रुग्णाकडून एक रुपयाही घेता येणार नाही’ ही अट दर्शनी भागात मोठ्या मराठी अक्षरांत लावावी. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे आधीच बंधनकारक केले आहे. ते दिसत नसेल तर तक्रार करा.

२. योजनेचे बेड किती, आज भरलेले किती, कोणाला कोणत्या कारणाने नाकारले याचा रोजचा लेखी हिशेब जाहीर व्हावा. नकार तोंडी नको, कागदावर हवा.

३. दावे मुदतीत द्या, उशीर झाला तर रुग्णालयाला व्याज द्या. पण दावा नाकारल्याचा भुर्दंड रुग्णावर टाकणारे रुग्णालय यादीतून काढा आणि घेतलेले पैसे दंडासह परत करायला लावा.

४. धर्मादाय रुग्णालयांनी योजनेचे रुग्ण दाखवून स्वतःच्या जबाबदारीतून सुटू नये. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांच्या १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. विम्याचे पैसे हे वेगळे खाते आहे.

५. दाव्यांचे सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, जसे रोजगार हमीत होते. कोणत्या जिल्ह्यातल्या, कोणत्या समाजघटकातल्या, किती बायकांवर कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, याची नावे वगळून आकडेवारी प्रसिद्ध करा.

६. सरकारी रुग्णालयांनी केलेल्या उपचारांचा पैसा त्याच रुग्णालयात राहावा, आणि त्याशिवाय वेगळ्या तरतुदीतून रिक्त पदे कायमस्वरूपी, आरक्षणासह भरावीत. कवचाची रक्कम वाढवण्याची प्रत्येक घोषणा होईल तेव्हा आपण विचारायचे: नर्सेस किती भरल्या?

हे भीक मागणे नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘बेड नाही’ सांगून परत पाठवले होते.

पुढच्या १४ एप्रिलला कार्डाचे शिबिर जरूर घ्या. पण त्याच टेबलावर दुसरी एक वही ठेवा. गेल्या वर्षभरात योजनेत उपचार घेताना कोणाकडून किती पैसे घेतले, कोणाला बेड नाकारला, कोणाचे डिपॉझिट परत आले नाही, ते लिहून घ्या. नाव द्यायची भीती वाटत असेल तर नाव न लिहिता घ्या. शंभर नोंदी झाल्या की ती वही घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा, तिची एक प्रत वरळीच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवा आणि माहिती अधिकारात त्या रुग्णालयांचे करार मागा. करार करणाऱ्या दोन पक्षांनी तिसऱ्याला विचारले नाही. तिसऱ्याने आता स्वतःहून त्या टेबलाशी जाऊन बसायचे आहे.

जय भीम! जय संविधान!